आधी मनगट, मग बोटं

डॉक्टर इनामदारांनी मुतालिकबाईंच्या उजव्या हाताची मूठ उघडायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा बाई कळवळल्या.

"अहो, हात आहे तो. नारळ नव्हे," बाई म्हणाल्या.

"आत ओल राहिलीय का ते बघायला हवं, बाई."

"मग नीट बघा. दोन डिग्र्या आहेत ना तुम्हाला?"

पलंगाच्या एका बाजूला डॉक्टर होते, दुसऱ्या बाजूला एस्तेर, आणि पायथ्याशी मी, हातात शौचाचं झाकलेलं भांडं घेऊन. मी पुढं व्हायच्या आत एस्तेर म्हणाली, "सर, मी बघू का?" तिनं बाईंचा हात उशीवरून उचलला. बोटांना हातसुद्धा लावला नाही. मनगट तेवढं हलकेच आतल्या बाजूला वाकवलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. घट्ट मिटलेली पाच बोटं आपोआप सैल पडली. बाईंना कळलंही नाही.

"वा, सिस्टर!" डॉक्टर म्हणाले. "हे मिरजेला शिकवलं वाटतं?"

तिचं उत्तर ऐकायला मी थांबले नाही. भांडं घेऊन मोरीकडे गेले आणि नळ मोठा सोडून ते घासत बसले. स्वच्छ झालं तरी घासत बसले.

कारण ती युक्ती माझी होती.

बाई सदनात आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात मला ती सापडली होती. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. मूठ अशी मिटलेली की नखं कापायची म्हणजे आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी. एकदा दुपारी त्या झोपल्या असताना त्यांचा हात उशीवरून घसरला आणि मनगटापासून खाली लोंबला. बघते तर बोटं सुटलेली. मी हात उचलून सरळ केला, मूठ मिटली. पुन्हा खाली सोडला, सुटली. आधी मनगट, मग बोटं. कुणी मला हे सांगितलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात बघितलं नव्हतं. पुस्तक वाचता तरी कुठं येत होतं.

सदन म्हणजे दुर्गाबाई सदन. कराडच्या बाहेर, कोयनेच्या अंगाला, एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बांधलेलं. बावीस पलंग, ज्यांचं घरी करणारं कोणी नाही अशी म्हातारी माणसं. नवऱ्यानं टाकल्यावर मी तिथं कामाला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ही गोष्ट घडली तेव्हा अडतीसची. बारा वर्षांत मी किती जणांना न्हाऊ घातलं, भरवलं, किती जणांचे डोळे मिटले, ते आता मोजता येणार नाही. माझ्या हाताखालच्या एकाही माणसाची पाठ पडून पडून जखमा होऊन मी फुटू दिली नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला एक सुरकुती ठेवायची नाही, हाडावर खोबरेल चोळायचं. घड्याळ नव्हतं माझ्याकडे. कोणाची कूस बदलायची वेळ झाली ते त्याच्या कण्हण्यावरून कळायचं.

मला सगळे मावशी म्हणायचे. एकट्या मुतालिकबाई अनुसया म्हणायच्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, चाळीस वर्षं शिकवलेलं. त्यांचा डावा हात चांगला होता. त्या डाव्या हातानं पाटीवर वाकडी अक्षरं काढून त्यांनी मला लिहायला शिकवलं. मी पहिल्यांदा 'अनुसया गणपत लोंढे' अशी सही केली तेव्हा म्हणाल्या, "झालीस माणूस. आता अंगठा कोणी मागितला तर कानाखाली वाजव."

दिवसातून पन्नास वेळा हाक यायची. अनुसया पाणी, अनुसया खिडकी, अनुसया जरा बस इथं.

मग या गोष्टीच्या दीड वर्ष आधी एस्तेर आली. एस्तेर रणभिसे. जतकडची, तेवीस वर्षांची, मिरजेला नर्सिंगचा कोर्स केलेली. पांढरा ड्रेस, पांढरे बूट, छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. ट्रस्टनं तिला आणली कारण माळवदे तात्यांना रोज साखरेचं इंजेक्शन लागायचं आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे. ती दारातून आत आली आणि पहिल्या दिवसापासून सिस्टर झाली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोर. मी बारा वर्षं मावशी.

मी तिला सगळं दाखवलं, हे खरं. हिवाळ्यात भांड्याची कड आधी गरम पाण्यानं पुसायची. ज्याला गिळता येत नाही त्याला पेज देताना हनुवटी खाली करायची. बाईंचं मनगटही मीच दाखवलं. ती शिकायलाही हुशार. "मावशी, पुन्हा एकदा," म्हणायची आणि तिसऱ्या वेळेला माझ्याइतकं करायची. हेच मला सहन होत नव्हतं. तिचं काम वाईट असतं तर मी तिच्यावर माया केली असती.

भेटायला येणारे लोक खाऊचा पुडा तिच्या हातात देत. "सिस्टर, आईची तब्येत कशी आहे?" तिला विचारत. आईचं ओलं लुगडं हातात घेऊन मी शेजारी उभी. आणि एक दिवस बाईंच्या पलंगावरून हाक आली, "सिस्टर, जरा खिडकी लाव." खिडकीपाशी मीच होते. मी लावली नाही. एस्तेर व्हरांड्याच्या टोकापासून येईपर्यंत तशीच उभी राहिले.

डॉक्टरांनी वा म्हटलं त्यानंतर पंधराएक दिवसांनी पगाराची एक बातमी आली. सरकारनं दवाखाने, शुश्रूषागृहं, वृद्धांचे आश्रम अशा ठिकाणच्या नोकरांचा कमीत कमी पगार वाढवून ठरवून दिला होता. दुपारी जेवणं आटोपल्यावर शेवग्याखाली बसून एस्तेरनं पेपर वाचून दाखवला. मला हळूहळू वाचता येत होतं, पण पेपर तिच्या हातात होता.

"परिचारिका, कुशल. ड्रेसर, मदतनीस, अर्धकुशल. आया आणि सफाईवाले..." ती थांबली.

"वाच की."

"अकुशल."

"म्हंजे काय?"

"म्हणजे... ज्याला काही शिकावं लागत नाही असं काम. मावशी, हा सरकारचा शब्द आहे, माझा नाही."

"मग सरकारला म्हणावं, एकदा मुतालिकबाईस्नी कुशीवर वळवून दावा. न वरडता."

ती खळखळून हसली. मी हसले नाही.

"सगळ्यांचाच वाढेल हो थोडाथोडा," ती म्हणाली. "मला कुशल धरलं तर आमच्या रूथचं नाव येत्या जूनलाच मिरजेला घालता येईल. धाकटी आहे माझी. यंदा गेली नाही तर लग्न लावून देतील तिचं, वडील ऐकायचे नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साताऱ्याहून कामगार ऑफिसचे साहेब येणार आहेत. कोण काय काम करतं ते विचारून दर्जा ठरवणार. तुम्ही तुमचं सगळं काम सांगा हं, मावशी. लाजू नका."

लाजू नका. कालची पोर मला बोलायला शिकवत होती. मी पदर झटकून उठले. "तुझं तू बघ गं बाई. आमचं काय, आम्ही अकुशल."

दोन दिवसांनी सदनाचे चिटणीस पोतनीस यांनी मला ऑफिसात बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. सदन देणग्यांवर चालायचं आणि दर महिन्याला त्यांच्या कपाळावर एक आठी वाढायची.

"अनुसयाबाई, बसा," ते म्हणाले. बारा वर्षांत मला त्या खुर्चीवर कोणी बस म्हटलं नव्हतं. "तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. साहेब तुमचा शब्द मानतील. सिस्टरना कुशल धरलं तर मला दोन पलंग कमी करावे लागतील. कोणाचे करू, तुम्हीच सांगा."

मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"खोटं बोला असं मी म्हणत नाही. इंजेक्शनच्या रजिस्टरात सही डॉक्टरांची असते. दर आठवड्याला ते सगळ्या रकान्यांवर सही करतात. कागदावर इंजेक्शन डॉक्टरच देतात."

"सुई तर एस्तेर टोचती."

"कागदावर काय आहे ते मी सांगितलं," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्यांनी मला काही देऊ केलं नाही. धमकीही दिली नाही. तसं काही झालं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी फुकटातच तयार होते. फक्त ते मला अजून माहीत नव्हतं.

साहेब आले ते बुधवारी सकाळी, एस्टीनं. मला वाटलं होतं कोणी धिप्पाड माणूस जीपमधून उतरेल. हे किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, बिराजदार नावाचे. आल्या आल्या पाणी मागितलं आणि पेला स्वतः विसळून ठेवला. ऑफिसात टेबलाशी बसले. पोतनीसांना त्यांनी बाहेर जायला सांगितलं, म्हणाले जबाब घेताना मालकानं नसावं.

ऑफिस आणि बायकांचा हॉल यांच्यामध्ये भिंत नव्हती, फळ्यांचं पार्टिशन होतं. त्या फळ्यांना लागून मुतालिकबाईंचा पलंग. मुद्दाम तिथं घेतला होता त्यांनी, म्हणायच्या, "ऑफिसात काय चाललंय ते मुख्याध्यापिकेला कळायला हवं."

आधी एस्तेरला बोलावलं. मी अंगणात जाऊन चादरी वाळत घालत राहिले. ती आत पुष्कळ वेळ होती. इतका वेळ ही काय सांगत असेल? स्वतःचं सर्टिफिकेट, मिरज, इंजेक्शन, आणि काय? एकेक चादर मी इतकी पिळली की मनगटं दुखायला लागली. ती बाहेर आली तेव्हा चेहरा उजळलेला. "जा मावशी," म्हणाली, "साधे आहेत साहेब."

मी आत गेले. साहेबांनी नाव, वय, किती वर्षं काम, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "त्या सिस्टर मघाशी सांगत होत्या, लकवा झालेल्या हाताची मूठ कशी उघडायची त्याची एक रीत—"

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

"ती माझी हाय," मी म्हटलं. "तिनं माझ्याकडनं उचलली ती. डॉक्टरांपुढं करून दावली नि वा मिळवली. आता तुमच्यापुढं पण सांगितली?"

"अहो, ऐका तरी, त्या असं—"

"ती काय करती ते मला विचारा, साहेब. बारा वर्षं हाय मी हितं."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले. "सांगा."

"आम्ही करतो तेच करती. न्हाऊ घालायचं, भरवायचं, भांडं द्यायचं. ड्रेस पांढरा हाय एवढंच."

"इंजेक्शन कोण देतं?"

"डॉक्टर."

"रोज?"

"रजिस्टर बघा की. सही हाय त्यांची."

"रजिस्टर मी बघितलं. तुम्हाला विचारतोय." ते पुढं वाकले. "पुन्हा विचारतो, बाई. घाई नाही. माळवदे म्हणून जे गृहस्थ आहेत त्यांना रोज सुई कोण टोचतं?"

फळ्यांच्या पलीकडे कोणीतरी खोकलं. मला ते ऐकू आलं आणि मी ते ऐकलं नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, "ती मूठ दाखवता मला?"

आम्ही हॉलमध्ये गेलो. मी बाईंचा हात उचलला. मनगट वाकवलं, धरलं. बोटं सुटली. साहेबांनी वाकून बघितलं, स्वतःच्या मनगटावर करून बघितलं आणि मान हलवली. बाई छताकडे बघत होत्या. एरवी त्या साहेबांना दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिल्या नसत्या.

ऑफिसात परत आल्यावर साहेबांनी जबाब वाचून दाखवला. "सही करता की अंगठा?"

"सही," मी म्हटलं आणि बाईंनी शिकवलेली सही केली. अनुसया गणपत लोंढे. एकही अक्षर चुकलं नाही.

दीड महिन्यानं लखोटा आला. पोतनीसांनी आम्हा दोघींना उभं करून वाचला. अनुसया लोंढे, अर्धकुशल. एस्तेर रणभिसे, अर्धकुशल.

मला आधी वाटलं, माझं नाव वाचताना चुकलं. अकुशलच्या वर मी जाईन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी एस्तेरकडे बघितलं. तिनं छातीवरचं घड्याळ हातात धरलं आणि चावी देऊ लागली, ती भरलेली असताना. मग माझ्याकडे वळून हसली. खरं हसली. "मावशी, झालं बघा," म्हणाली. दुपारी तिनं गावातून पावशेर पेढे आणले, सगळ्या पलंगांवर वाटले, "आमच्या मावशींना दर्जा मिळाला," म्हणून.

त्या दिवशी मी खूश होते. तेही सांगायला हवं. ती खाली आली होती, मी वर गेले होते, आम्ही एका पायरीवर उभ्या होतो. पेढा गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंचं अंग पुसत होते. त्यांचा पेढा उशाशी कागदात तसाच होता.

"खाल्ला नाही, बाई?"

"अनुसया, चाळीस वर्षं मी पेपर तपासले," बाई म्हणाल्या. "दोघींची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून. त्या बुधवारीही मी दोन पेपर ऐकले. या फळ्यांतून सगळं ऐकू येतं, तुला माहितेय."

माझा हात थांबला.

"पुस. पाणी गार होतंय." मी पुसू लागले. "पहिली मुलगी आत गेली. साहेबांनी विचारलं, तुम्ही काय करता? तिनं दोन वाक्यांत सांगितलं. कोर्स झालाय, इंजेक्शन देते, जखमा बांधते. आणि मग अर्धा तास तुझ्याबद्दल बोलली."

"माज्याबद्दल?"

"'मी करते ते सगळं काम मावशी गेली बारा वर्षं करतायत. मला ते त्यांनीच शिकवलं. सदनात आजवर कोणाची पाठ फुटली नाही, ती त्यांच्यामुळं. मूठ उघडायची रीत मिरजेच्या सिस्टर लोकांनाही माहीत नाही, ती मावशींनी शोधलीय, त्यांना करून दाखवायला सांगा. त्यांना अकुशल म्हणणं चूक आहे, साहेब.' साहेब म्हणाले, तुम्ही इतकं त्यांच्याबद्दल सांगताय, स्वतःचं काही सांगायचंय? ती म्हणाली, 'माझं मावशी सांगतील.'"

मी रुमाल पाण्यात बुडवला. पिळायचं विसरले. पाणी बाईंच्या चोळीवर ठिबकलं.

"आणि मग दुसरी मुलगी आत गेली," बाई म्हणाल्या. "तिचा पेपर तुला पाठ आहे."

"बाई, त्या दिवशी डॉक्टरांपुढं तिनं..."

"डॉक्टरांनी विचारलं, मिरजेला शिकवलं का. ती म्हणाली, 'नाही सर, मावशींनी.' तू भांडं घेऊन निघून गेली होतीस."

मी पदरानं चोळी टिपली. मग त्या म्हणाल्या, "कूस बदल आता. एकटीला जमत नसेल तर तिला बोलाव."

मी एकटीनं बदलली. पहिल्यांदाच त्या ओरडल्या.

मी बिराजदार साहेबांना लिहिलं का, असं तुम्ही विचाराल. दोन दिवस मी पाटी घेऊन बसले. पोतनीस सोडले तर सदनात मला लिहून देऊ शकतील अशा दोघी होत्या, एक बाई आणि एक एस्तेर. एकीला विचारायची हिंमत नव्हती आणि दुसरीला विचारणार कशी? माझं मला इतकंच लिहिता येत होतं: साहेब, मी. त्याच्या पुढचं अक्षर उमटेना. खरं बोलले तर माझा दर्जा राहील का जाईल, हेही मनात होतं. ते मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी एस्तेरनं राजीनामा दिला. सोलापूरच्या एका दवाखान्यात तिला जागा मिळाली होती. महिनाभर राहून जाणार होती. रूथचं नाव जूनला घातलं गेलं नाही. ते तिच्या तोंडून नाही, पोतनीसांच्या तोंडून कळलं.

त्या महिन्यात तिनं मला इंजेक्शन द्यायला शिकवलं.

"तात्यांचं कोण बघणार?" म्हणाली. "नवी सिस्टर ट्रस्ट काही लवकर आणत नाही." काचेची सिरिंज उकळायची कशी, औषध खुणेपर्यंत भरायचं कसं, हवेचा बुडबुडा काढायचा कसा. पहिल्यांदा तिनं माझ्या मागं उभं राहून माझा हात हातात धरला. "दंडात नको, मांस राहिलं नाही त्यांच्या दंडात. मांडीत. चिमूट धरा. आता."

तात्यांना कळलंसुद्धा नाही. "झालं?" म्हणाले.

"मला भ्या वाटतं गं," मी तिला म्हटलं. "काय चुकलंमाकलं तर?"

ती सिरिंज धुवत होती. माझ्याकडे पाठ होती. "घाबरू नका, मावशी," म्हणाली. "रजिस्टरात सही डॉक्टरांचीच असते."

तेवढंच. आवाजात काही नव्हतं. टोमणा असता तर मी त्याला धरून रडले असते, पाया पडले असते. तिनं सिरिंज फडक्यावर पालथी घातली आणि हात पुसले.

जाण्याच्या दिवशी मी तिची पत्र्याची ट्रंक फाटकापर्यंत नेली. रिक्षा उभी होती. मी म्हटलं, "एस्तेर, त्या बुधवारी साहेबास्नी मी..."

"बाईंच्या मुठीत रोज कोरडा कापूस ठेवा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात ओल धरते." मग वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तिला उठवायच्या आत ती रिक्षात बसलीही होती. पुन्हा ती मला भेटली नाही. पत्र मी नंतर, चांगलं लिहायला आल्यावर, दोनदा घातलं. पत्ता बरोबर होता की नाही कोणास ठाऊक.

नवी सिस्टर ट्रस्टनं आणली नाहीच. एक अर्धकुशल पगार वाचला आणि दुसऱ्यात दोघींचं काम होऊ लागलं. पोतनीसांनी मला दोन पांढरी पातळं दिली. भेटायला येणाऱ्यांना बरं वाटतं, म्हणाले. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की आता यांना मावशी म्हणू नका. येणारे लोक खाऊचा पुडा माझ्या हातात देऊ लागले. "सिस्टर, आईची तब्येत कशी आहे?" मला विचारू लागले.

पांढरं पातळ नेसून मी पहिल्या दिवशी हॉलमध्ये गेले. खिडकी लावत होते. मागून मुतालिकबाईंचा आवाज आला.

"सिस्टर."

मी वळून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"तुलाच म्हणतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हातानं मिटलेली उजवी मूठ उचलून माझ्यापुढं धरली. "ये. आधी मनगट."

त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. शेवटपर्यंत त्यांनी मला अनुसया म्हटलं नाही.